अमेरिकेतल्या घरात २४० व्होल्टचं युरोपियन वॉशिंग मशीन घ्यावं का?

अनुजा_एडिसन
नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीत टाउनहाउस घेतलंय आणि वॉशिंग मशीनवर घोडं अडलंय. लाँड्रीची जागा म्हणजे वरच्या मजल्यावर, बेडरूमच्या बाहेर दोन दारांचं कपाट. एकावर एक ठेवली तरच दोन्ही मशिन्स मावतील, आणि तीही २४ इंच रुंदीची. नेहमीची २७ इंची आत गेली तरी दार लागत नाही. भिंतीत सध्या आहे ते असं: ड्रायरचं चार पिनांचं मोठं सॉकेट (३० अँपियर), शेजारी साधं १२० व्होल्टचं, गरम-गार पाण्याचे दोन नळ आणि ड्रायरची हवा बाहेर टाकायचं भोक.

खरं कारण वेगळंच आहे. मुलाला डस्ट माइटची (अंथरुणात, धुळीत राहणारे डोळ्यांना न दिसणारे किडे) अ‍ॅलर्जी निघाली. डॉक्टरांनी सांगितलंय की चादरी, अभ्रे दर आठवड्याला १३० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ५५ सेल्सियसच्या पाण्यात धुवा. आमची गरम पाण्याची टाकी १२० वर, म्हणजे ४९ वर लावलेली आहे. धाकटी दोन वर्षांची आहे, नळाखाली हात घालते, त्यामुळे टाकी वाढवायची माझी अजिबात तयारी नाही. म्हणून पाणी स्वतः तापवणारं मशीन हवंय. बॉश आणि आस्को बघितली. दुकानातला म्हणाला, ‘ती २४० वर चालतात, तुमच्याकडे वॉशरचं सॉकेट १२० चं आहे, नाद सोडा.’ एका इलेक्ट्रिशियनने सांगितलं की अडॅप्टर लावून ड्रायरच्या सॉकेटमध्ये घाला, काही होत नाही. कोणाचं ऐकू?

आणि हो, एवढ्याशा ड्रममध्ये चौघांचं भागतं का? उन्हाळ्यात सासूबाई-सासरे येतील, मग सहा जण.

बोस्टनकर
आमच्याकडे बॉशची जोडी आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवायची वेळच आली नाही. ड्रायर तुमच्या त्या मोठ्या सॉकेटमध्ये जातो आणि वॉशरचा प्लग ड्रायरच्या पाठीमागे बसतो. तिथे त्याच्यासाठी २४० चं सॉकेट दिलेलं असतं. मात्र दोन्ही एकाच कंपनीची घ्यावी लागतात. आस्कोच्या जोडीतही अशी सोय असते, पण मॉडेल ठरवताना पत्रकात बघूनच घ्या.

दुकानदाराला हे माहीत नसावं, याचं आश्चर्य वाटलं.

तेजूची_आई
मी उलटं सांगते. एवढा खटाटोप कशाला? १२० व्होल्टवर चालणाऱ्या, आत हीटर असलेल्या फ्रंटलोडर मिळतात की. सॅनिटाइझ सायकल लावली की पाणी तापतं. आमच्या डॅलसच्या घरात साडेचार घनफुटाचं मशीन आहे, किंग साइझ कम्फर्टर (जाड पांघरूण) आरामात जातो. २४ इंचीमध्ये जेमतेम सव्वादोन-अडीच घनफूट मिळतं. सासूबाई सहा महिने राहणार असतील तर रोज मशीन लावावं लागेल, लिहून ठेव.

अनुजा_एडिसन
तेजूची आई, जागाच नाहीये हो! कपाट फोडायचं तर असोसिएशनची (इथली सोसायटीच) परवानगी हवी. आणि मला समजत नाही ते हे की १२० वरही हीटर चालतो, तर मग २४० चा आग्रह कशासाठी?

वायरमन_नाना
अनुजा, हा प्रश्न नीट समजून घे, बाकीचं आपोआप सुटेल. मी इथे ओहायोत लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन म्हणून काम केलंय, त्याआधी भोसरीला कारखान्यात होतो. दोन्हीकडची वीज हाताळली आहे.

आधी घरातली वीज. अमेरिकेत घरात १२० येते असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून दोन गरम, म्हणजे वीज असलेल्या, तारा येतात आणि मध्ये न्यूट्रल. कुठलीही एक गरम तार आणि न्यूट्रल यांच्यात १२०, दोन गरम तारांमध्ये २४०. म्हणजे २४० तुझ्या घरातल्या विजेच्या पॅनेलमध्ये आधीच आहे. ड्रायर, शेगडी, एसी त्याच्यावरच चालतात. प्रश्न एवढाच की ती वॉशरपर्यंत नेलेली आहे की नाही.

आता हीटर. १५ अँपियरच्या १२० व्होल्ट सर्किटवर जास्तीत जास्त १८०० वॅट निघतात, आणि सतत चालणाऱ्या भारासाठी ८० टक्केच धरायचे, म्हणजे १४४०. त्यातून मोटर, पंप वजा जाता हीटरला साधारण हजारभर वॅट उरतात. २४० वर तेच १५ अँपियर म्हणजे ३६०० वॅट. तिथे २००० वॅटचा हीटर बिनधास्त बसतो.

हिशेब कर. ड्रममध्ये १५ लिटर पाणी, जानेवारीत जर्सीच्या नळाला १० अंशांवर येतंय असं धर. ६० पर्यंत न्यायचं तर ५० अंश चढवायचे. त्याला सुमारे ०.८७ युनिट लागतात. २००० वॅटच्या हीटरला २६ मिनिटं, १००० वॅटच्याला ५२. शिवाय भिजलेले कपडे आणि स्टीलचा ड्रम उष्णता खातात ते वेगळंच. म्हणूनच १२० वाली बहुतेक मशिन्स गरम नळाचं पाणी घेतात आणि हीटरने वरचे थोडे अंश चढवतात.

तुझ्या केसमध्ये चादरी खरोखर ५५ च्या वर जाणं महत्त्वाचं आहे, नुसतं मशीनवर ‘हॉट’ लिहिलेलं असून चालणार नाही. टाकी तळघरात आणि मशीन वरच्या मजल्यावर असेल, तर गरम नळातूनही पहिलं पाणी पाइपमध्ये साठलेलं गारच येतं. मशीन एकूण पाणीच इतकं कमी घेतं की निम्मं पाणी त्यातच संपतं.

सुगरण_सिएटल
नानांचं वाचून आमच्या मशीनचं कोडं सुटलं. हॉट लावूनही काचेला हात लावला तर कोमट! वापरायच्या आधी जवळच्या सिंकचा गरम नळ थोडा वेळ सोडला की फरक पडतो.

पारिजात
मी अ‍ॅलर्जी विभागात नर्स आहे, म्हणून थोडं.

१३० फॅरनहाइट हा आकडा बरोबर आहे, त्या तापमानाला माइट मरतात. पण दोन गोष्टी वेगळ्या धरा. माइट मारणं एक, आणि त्यांच्या विष्ठेतलं प्रथिन काढणं दुसरं. त्रास त्या प्रथिनाचा होतो, आणि ते गार पाण्यातही बऱ्यापैकी वाहून जातं. माइट मात्र गार पाण्यात बहुतांश जिवंत राहतात. ते नंतर गरम ड्रायरमध्येही मरतात. त्यामुळे मशीन येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. चादरी जशा जमतील तशा धुवा आणि ड्रायर हायवर पूर्ण चालवा.

आणि सगळ्यात आधी गादीला आणि उशांना चेन असलेली माइटप्रूफ खोळ घाला. मशीनपेक्षा ते स्वस्त आणि त्याचा उपयोग लगेच दिसतो. घरातली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवायची. जर्सीच्या उन्हाळ्यात डीह्युमिडिफायर लागेलच.

अनुजा_एडिसन
पारिजात, मनापासून आभार. खोळी आजच मागवते. हे कोणीच इतकं सुटं करून सांगितलं नव्हतं.

रानवारा
अडॅप्टरबद्दल: माझ्याकडे २४० चा वॉशर अडॅप्टर लावून ड्रायरच्या सॉकेटवर गेली काही वर्षं मस्त चाललाय. उगाच घाबरवू नये लोकांना.

वायरमन_नाना
रानवारा, चाललाय हे मान्य. पण कशाच्या जोरावर, ते बघ. ड्रायरच्या सॉकेटमागे ३० अँपियरचा ब्रेकर आहे. तुझ्या वॉशरची वायर १५ अँपियरची. उद्या आत काही बिघडून २५ अँपियर ओढले गेले तर ब्रेकर ढिम्म हलणार नाही, त्याच्या दृष्टीने सगळं ठीक आहे. वायर मात्र तापत राहील, तीही कपाटात, लिंटच्या (कपड्यांतून सुटलेल्या तंतूंच्या) शेजारी. ब्रेकर असतो तो वायरीला वाचवायला. अडॅप्टरने नेमकं तेच संरक्षण काढून टाकलं.

बोस्टनकरांनी सांगितलेली सोय वेगळी आहे. ती कंपनीने मशीनसोबत तपासून दिलेली असते. किंवा आत स्वतःचा १५ अँपियरचा ब्रेकर असलेला, यूएलचा (इथल्या सुरक्षा तपासणीचा) शिक्का असलेला डबा मिळतो, तोही चालेल. नुसता पिना बदलणारा तुकडा नको. घरात लहान मुलं आहेत, मी यात सूट देणार नाही.

रानवारा
हे ब्रेकरचं मी असं कधी बघितलं नव्हतं. शनिवारी काढतो तो.

मिलिंद_मॅडिसन
नाना, एक शंका. तिच्याकडे शेजारी १२० चं सॉकेट आहेच. त्याच वायरीवर दोन पोलचा ब्रेकर टाकून तिचं २४० करता येतं ना? नवीन वायर ओढायलाच नको.

वायरमन_नाना
तारेच्या दृष्टीने येतं. पांढरी तार दुसरी गरम तार होते, तिला दोन्ही टोकांना काळी किंवा लाल टेप लावायची, सॉकेट ६-१५ किंवा ६-२० जातीचं, म्हणजे २४० चं, बसवायचं. पण कोड, म्हणजे वायरिंगची नियमावली, असं सांगतो की लाँड्रीसाठी २० अँपियरचं १२० व्होल्ट सर्किट असायलाच हवं. ते एकच असेल आणि तूच ते पळवलंस तर घर विकताना इन्स्पेक्टर बोट ठेवणार. आणि त्या सर्किटवर दुसरं एखादं सॉकेट असेल तर कुठल्या तरी इस्त्रीत २४० जाणार. म्हणून नवीन वायर ओढणं बरं. परमिट काढूनच. २०२० च्या कोडपासून लाँड्रीतल्या २४० व्होल्टच्या सॉकेटलाही जीएफसीआय (वीज गळली की लगेच तोडणारं संरक्षण) लागतं. आपल्या गावात कोणत्या सालचा कोड चालतो ते टाउनशिपमध्ये विचारायचं.

शिकागोची_स्वाती
हायराईजमध्ये राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. आमच्या बिल्डिंगमध्ये थ्री फेज येते, त्यामुळे ‘२४०’ च्या सॉकेटमध्ये प्रत्यक्षात २०८ मिळतात. मशीनवर २०८/२४० असं लिहिलेलं असेल तर चालतं, पण तापायला जास्त वेळ घेतं.

वायरमन_नाना
बरोबर. व्होल्टेज १३ टक्क्यांनी कमी झालं की हीटरची ताकद २५ टक्क्यांनी घटते. २००० चे १५०० होतात. अनुजाच्या टाउनहाउसला हा प्रश्न नाही.

कोकणकडा
मंडळी, मग भारतातूनच मशीन का आणू नये? ठाण्याच्या घरी आयएफबी आहे, गोव्यात बनलेलं. आत दणदणीत हीटर, २३० व्होल्ट. आईच्या हळदीच्या साड्या, बाबांचे पंचे, सगळं काढतं. कंटेनरमध्ये टाकलं की झालं.

वायरमन_नाना
नको रे बाबा. हीटर चालेल, बाकीचं बघ. तिकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची, इथे ६०. नवीन इन्व्हर्टर मोटर निभावून नेईल, पण पाणी फेकायचा पंप थेट विजेच्या हर्ट्झवर फिरतो, तो २० टक्के जोरात फिरायला बघेल आणि तापेल. तिथे एक तार न्यूट्रल, इथे दोन्ही गरम. नळाच्या आट्यासुद्धा वेगळ्या: तिकडे इंचाला १४, इकडे साडेअकरा. जोर लावून बसवलं तर आज बसेल आणि आपण झोपलेले असताना गळेल. वरच्या मजल्यावरून गळालेलं पाणी खालचं छत घेऊन येतं. वर यूएलचा शिक्का नाही, म्हणजे विम्यावाल्याला निमित्त. सुटे भाग कुठून आणणार?

हेच उलट्या दिशेनेही. इथलं मशीन पुण्याला नेऊ नका.

परतीचा_पाऊस
अरेरे, मी पुढच्या वर्षी परत जातोय आणि हेच विचारणार होतो. इथला १२० व्होल्टचा फ्रंटलोडर आणि ट्रान्सफॉर्मर?

वायरमन_नाना
विकून टाक. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. पुण्यात त्याच पैशात तिथलं उत्तम मशीन येईल.

सुगरण_सिएटल
हळदीचा विषय निघालाच आहे तर: गरम पाण्याने हळद जात नाही. साबण लागला की डाग लाल होतो, तेव्हा घाबरायचं नाही. ऊन दाखवा, उन्हात हळद उडते. लोणच्याच्या तेलाला मात्र गरम पाणी आणि चांगली एन्झाइमवाली पावडर हवी.

शरयू
ऊन कुठून दाखवायचं ताई? आमच्या असोसिएशनमध्ये बाल्कनीत रुमाल वाळत घातला तर पत्र येतं.

सुगरण_सिएटल
राज्याचा कायदा बघ. फ्लोरिडा, व्हरमाँट, मेन अशा काही राज्यांत दोरीवर कपडे वाळवायचा हक्क कायद्याने दिलाय, असोसिएशन सरसकट बंदी घालू शकत नाही. नाहीतर खिडकीच्या आत, काचेतून येणाऱ्या उन्हात ठेव. वेळ लागतो पण उडते.

आणि तीच एन्झाइमची पावडर रेशमाला लावू नका कुणी. प्रोटीन खाणारी एन्झाइम्स असतात, रेशीम आणि लोकर दोन्ही प्रोटीनच. पैठणी तर मशीनच्या आसपासही नको.

तेजूची_आई
अनुजा, मी माझ्या मुद्द्यावर ठाम आहे, पण जागा नसेल तर नाइलाज. एवढंच सांगते की ६० अंशांची कॉटन सायकल युरोपियन मशीनमध्ये दोन तासांच्या वर जाते. बहिणीकडे पाहिलंय. संध्याकाळी ऑफिसातून येऊन तीन लोड काढू म्हणशील तर जमायचं नाही. रोज एक, असा शिरस्ता ठेवावा लागेल.

बोस्टनकर
हे खरं आहे. आम्ही रात्री जेवणं झाली की लावतो. पण मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या स्पिनमुळे कपडे इतके पिळून निघतात की ड्रायरचं काम हलकं होतं. चौघांना पुरतं. कम्फर्टर वर्षातून एक-दोनदा लाँड्रोमॅटला (मोठी मशिन्स असलेल्या सार्वजनिक लाँड्रीत) नेतो.

अनुजा, भिंतीतलं हवेचं भोक बंद करून घे, कंडेन्सर किंवा हीट पंपवाल्या ड्रायरला ते लागत नाही, तो दमट हवा बाहेर न टाकता तिचं पाणी करतो. ते पाणी वॉशरच्याच ड्रेनमध्ये सोडता येतं. भोक उघडं ठेवलं तर हिवाळ्यात कपाटात गार वारा.

मिलिंद_मॅडिसन
मीलेचं कोणी का काढलं नाही? त्यांची १२० व्होल्टवर चालणारी २४ इंची मशिन्सही अमेरिकेत मिळतात, हीट पंप ड्रायरसुद्धा १२० चा. म्हणजे तिचा विजेचा प्रश्नच मिटतो. तापायला वेळ लागतो, पण गार नळाचं पाणी घेऊन हव्या त्या अंशाला नेतात.

वायरमन_नाना
चांगला पर्याय आहे. फक्त दोन्ही १२० ची घेतली तर एका सर्किटवर दोन्ही एकदम चालवायची नाहीत, नाहीतर ब्रेकर उडेल. म्हणजे ड्रायरसाठी १२० चं दुसरं सर्किट आलंच. शेवटी वायरीचा खर्च कुठेतरी होतोच.

जोशी_प्लंबिंग
सगळे विजेच्या मागे लागलेत, म्हणून नळाकडून एक सांगतो. टाकी १४० फॅरनहाइटवर ठेवायची आणि टाकीच्या तोंडाशी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवायचा. व्हॉल्व्हच्या आधीची फांदी लाँड्रीला, नंतरची १२० ची बाथरूम-किचनला. मुलांचे हात भाजत नाहीत आणि मशीनला कडक पाणी मिळतं. तळघरात लाँड्री असेल त्यांच्यासाठी हा उत्तम उपाय. अनुजाची लाँड्री वर आहे, वेगळा पाइप दोन मजले चढवायचा म्हणजे भिंती उघडाव्या लागतील. तिला नाही सुचवणार.

हेमा_ह्यूस्टन
वरचा मजला म्हणालीस म्हणून: फरशीचं काय? इथली घरं लाकडाची. १४०० च्या स्पिनला आमचं आख्खं कपाट थरथरतं. मेकॅनिक आला आणि म्हणाला, मशीनच्या मागचे वाहतुकीचे बोल्टच कोणी काढले नाहीत!

वायरमन_नाना
हेमा, हे नेहमीचं आहे. मागे चार बोल्ट असतात, वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून तो जखडून ठेवतात. ते न काढता चालवलं तर ड्रमचे सगळे हादरे थेट जमिनीला. बसवणाऱ्याच्या समोर उभं राहून बोल्ट मोजून हातात घ्यायचे आणि पिशवीत घालून ठेवायचे, घर बदलताना परत लागतात.

अनुजा_एडिसन
मंडळी, काल दुसऱ्या दुकानात जाऊन आले. ठरलं: बॉशची जोडी, वॉशर ड्रायरच्या मागे जोडायचा. सेल्समनने दोन्हीची इन्स्टॉलेशनची पत्रकं काढून दिली, मॉडेल नंबर जुळवून घेतले. सध्याचं चार पिनांचं सॉकेट चालतंय, त्यामुळे नवीन वायर नाही. अडॅप्टरवाल्या इलेक्ट्रिशियनला नकार कळवला.

उशा-गादीच्या खोळी आल्या, घातल्या. मुलगा सकाळी शिंकतोय अजून, पण रात्री नाक चोंदून उठणं कमी झालंय.

कम्फर्टर लाँड्रोमॅटला. सासूबाईंना रोज एक लोडचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘तिकडे मी रोजच लावते की, त्यात काय!’ :)

एकच राहिलं. उंच मशीनच्या बटणांना त्यांचा हात पुरेल ना? ड्रायर वर, वॉशर खाली असंच ठेवायचं असतं का?

बोस्टनकर
वॉशर खालीच. तो जड असतो आणि हादरे त्याचे. मध्ये कंपनीचं स्टॅकिंग किट घ्या, ते वेगळं मागवावं लागतं, ऑर्डरमध्ये आहे का बघा. माझी आई पाच फुटांच्या आत आहे, ड्रायरच्या बटणांना तिचा हात पोचतो. ड्रायरचं पाणी साठवायची टाकी वर असलेलं मॉडेल असेल तर ती मात्र उतरवायला जड जाते, म्हणून ड्रेन पाइप जोडूनच घ्या.

अनुजा_एडिसन
किट ऑर्डरमध्ये नव्हतं! आत्ताच फोन करून घालायला लावलं.

हेमा_ह्यूस्टन
बोल्ट!

अनुजा_एडिसन
हो हेमाताई, गुरुवारी डिलिव्हरी आहे, मी घरूनच काम करणार आहे. चारही बोल्ट मोजून घेते.